विनोदी बाल-इतिहासमाला ते व्यापक नाममुद्रा : ‘हॉरिबल हिस्टरीज’चा चिकित्सक अभ्यास

प्रस्तावना :

इतिहास हा विषय विद्यार्थ्यांना नीरस वाटतो, ही तक्रार केवळ भारतातील नाही. सनावळ्या, तह, लढाया आणि राजांच्या वंशावळी पाठ करून त्या उत्तरपत्रिकेत उतरविणे म्हणजे इतिहास, असा समज जगातील अनेक शिक्षणव्यवस्थांनी पिढ्यानपिढ्या दृढ केला. या समजाला छेद देणारे जे प्रयत्न विसाव्या शतकाच्या अखेरीस झाले, त्यांत इंग्लंडमधील लेखक टेरी डिअरी यांच्या ‘हॉरिबल हिस्टरीज’ या ग्रंथमालेचे स्थान महत्त्वाचे आहे. १९९३ मध्ये दोन छोट्या पुस्तकांनी सुरू झालेली ही माला पुढील पंचवीस-सव्वीस वर्षांत रंगभूमी, दूरचित्रवाणी, संग्रहालय, संगणकीय खेळ आणि चित्रपट अशा अनेक माध्यमांत पसरली. पुस्तकांच्या अडीच कोटींहून अधिक प्रती विकल्या गेल्या आणि तीसहून अधिक भाषांत ती पोहोचली. एका पुस्तकमालेचे शीर्षक हळूहळू, व्यवहारात ज्याला ‘ब्रँड’ म्हटले जाते, अशी नाममुद्रा बनले.

प्रस्तुत निबंधाचा हेतू बालवाङ्मयाच्या व्यापारी यशाची कहाणी सांगणे हा नाही. एका लेखकाच्या खोडकर लेखणीतून उतरलेला विनोद जेव्हा प्रकाशनसंस्था, नाट्यसंस्था आणि सार्वजनिक प्रक्षेपणसंस्था यांच्या हाती जातो, तेव्हा त्या विनोदाच्या आधाराने उभ्या असलेल्या ऐतिहासिक सत्याचे काय होते, हा येथे विचारात घेतलेला मुख्य प्रश्न आहे. विनोद हा तथ्याचा वाहक राहिला तोपर्यंत नाममुद्रेचा विस्तार सकस झाला. विनोदाने तथ्याची जागा घेतली तेथे नाममुद्रेच्या विश्वासार्हतेलाच धक्का बसला, असे प्रतिपादन या निबंधात केले आहे.

पूर्वपीठिका :

इतिहासाची विनोदी मांडणी इंग्रजी वाङ्मयाला अपरिचित नव्हती. डब्ल्यू. सी. सेलर आणि आर. जे. येटमन यांचे ‘१०६६ अँड ऑल दॅट’ हे पुस्तक १९३० मध्ये प्रसिद्ध झाले. शाळेत शिकलेला इतिहास प्रौढपणी किती विस्कळीत आणि चुकीच्या रूपात स्मरणात उरतो, याची ती मार्मिक थट्टा होती. मात्र या थट्टेचा आस्वाद घेण्यासाठी वाचकाने मूळ इतिहास आधी शिकलेला असणे आवश्यक होते. डिअरी यांचा वाचक याच्या नेमका उलट टोकाला उभा आहे. तो आठ ते बारा वर्षांचा असून इतिहास प्रथमच ऐकतो आहे. सेलर-येटमन यांच्या पुस्तकातील चूक वाचकाला चूक म्हणूनच कळते आणि म्हणून ती निरुपद्रवी ठरते. डिअरी यांच्या पुस्तकातील चूक मात्र वाचकाच्या मनात इतिहास म्हणून रुजण्याची शक्यता असते. विनोदी बाल-इतिहासाची जबाबदारी प्रौढांसाठीच्या विनोदापेक्षा अधिक का ठरते, याचे कारण या भेदात आहे.

दुसरी पार्श्वभूमी शैक्षणिक धोरणाची आहे. १९८८ च्या शिक्षण सुधारणा कायद्याने इंग्लंड आणि वेल्समध्ये राष्ट्रीय अभ्यासक्रम आणला आणि १९९१ पासून इतिहास विषयासाठी त्याची अंमलबजावणी सुरू झाली. प्राथमिक स्तरावरील मुलांनी रोमन, अँग्लो-सॅक्सन व व्हायकिंग आक्रमक, ट्यूडर व स्टुअर्ट कालखंड, व्हिक्टोरियन ब्रिटन, प्राचीन ग्रीस अशा घटकांचा अभ्यास करावा, असे ठरले. ‘हॉरिबल हिस्टरीज’च्या आरंभीच्या शीर्षकांवर नजर टाकली असता हेच कालखंड तेथे आढळतात. ज्या विषयावर मुलाला शाळेत प्रकल्प करावयाचा आहे, त्याच विषयावर हसविणारे पुस्तक बाजारात उपलब्ध झाले. मालेच्या यशामागील हे संरचनात्मक कारण दुर्लक्षिता येत नाही.

तिसरी पार्श्वभूमी इतिहासलेखनाची आहे. एडवर्ड थॉम्पसन यांच्या ‘द मेकिंग ऑफ द इंग्लिश वर्किंग क्लास’ (१९६३) या ग्रंथानंतर ब्रिटनमध्ये सामान्य जनांच्या दृष्टीने इतिहास पाहण्याचा प्रवाह बळकट झाला होता. डिअरी हे संशोधक नव्हेत. तथापि राजवाड्यापेक्षा मोरीकडे, सेनापतीपेक्षा खंदकातील शिपायाकडे आणि गिरणीमालकापेक्षा गिरणीत राबणाऱ्या मुलाकडे पाहण्याची त्यांची दृष्टी या प्रवाहाशी सुसंगत होती.

ग्रंथमालेचे स्वरूप :

टेरी डिअरी यांचा जन्म १९४६ मध्ये इंग्लंडच्या ईशान्येकडील संडरलँड येथे झाला. नट, नाट्यशिक्षक आणि बालसाहित्यिक अशी त्यांची पार्श्वभूमी होती. स्कोलॅस्टिक या प्रकाशनसंस्थेला प्रारंभी अपेक्षित होते ते इतिहासविषयक विनोदांचे पुस्तक. विनोदांना जोड म्हणून माहिती गोळा करताना खरी माहितीच रचलेल्या विनोदांपेक्षा अधिक रंजक असल्याचे आढळले आणि पुस्तकाचा तोल विनोदाकडून तथ्याकडे झुकला. ही बाब वरवर किरकोळ वाटली तरी मालेचे सर्व पुढील यश तिच्यात बीजरूपाने सामावलेले आहे. हसू येते ते लेखकाच्या कोटीमुळे नव्हे, तर ‘हे खरोखर घडले होते’ या जाणिवेमुळे.

१९९३ मध्ये ‘द टेरिबल ट्यूडर्स’ आणि ‘द ऑसम इजिप्शियन्स’ ही पहिली दोन पुस्तके निघाली. त्यापाठोपाठ ‘रॉटन रोमन्स’, ‘व्हिशस व्हायकिंग्ज’, ‘व्हाईल व्हिक्टोरियन्स’ अशी शीर्षके आली. विशेषण आणि नाम यांतील अनुप्रास ही मालेची पहिली ओळख ठरली. दुसरी ओळख म्हणजे मार्टिन ब्राउन यांची व्यंगचित्रे. काही पुस्तकांत नील टाँज आणि पीटर हेपलव्हाइट यांसारखे सहलेखक असूनही मुखपृष्ठ, रेखाटने आणि निवेदकाचा स्वर यांमुळे मालेचे एकसंधपण कायम राहिले. बनावट वृत्तपत्रे, काल्पनिक पत्रे, दैनंदिन्या, पाककृती आणि ‘खरे की खोटे’ धर्तीच्या प्रश्नावल्या ही तिची साधने होती. या साधनांमुळे पुस्तक सलग वाचण्याची सक्ती उरली नाही. वाचनाची गोडी नसलेले मूलही कोणतेही पान उघडून त्यात रमू शकत होते.

मात्र साधनांपेक्षाही महत्त्वाचा होता तो निवेदकाचा पवित्रा. हा निवेदक शिक्षकाच्या बाजूने बोलत नाही. तो मागच्या बाकावर बसलेल्या मुलाच्या कानाशी लागतो. शाळा ज्या गोष्टी सांगावयास कचरते, त्या आपण सांगत आहोत, असा त्याचा आविर्भाव असतो. डिअरी यांनी शालेय शिक्षणव्यवस्थेवर जाहीरपणे कठोर टीका केली आहे. विरोधाभास असा की, स्कोलॅस्टिक ही संस्था शाळांमधील पुस्तक मंडळे आणि पुस्तक जत्रा यांद्वारे पुस्तके विकण्यासाठी प्रसिद्ध होती. शाळेवर रुसलेल्या लेखकाची पुस्तके शाळेच्याच दारातून मुलांच्या हाती पोहोचली. व्यवस्थाविरोधी स्वर आणि व्यवस्थेतील वितरण यांचा हा संयोग नाममुद्रेच्या घडणीत निर्णायक ठरला.

विस्ताराचे टप्पे :

विस्ताराचा पहिला टप्पा मुद्रित माध्यमातच घडला. इतिहासमालेच्या यशानंतर प्रकाशकांनी तोच साचा अन्य विषयांना लावला. निक अर्नल्ड यांची ‘हॉरिबल सायन्स’, कार्टन पॉस्किट यांची ‘मर्डरस मॅथ्स’ आणि अनिता गनेरी यांची ‘हॉरिबल जिऑग्राफी’ या माला त्यातून निघाल्या. येथे ‘हॉरिबल’ हा शब्द लेखकापासून सुटा झाला. तो आता शैलीचे आणि विश्वासाचे चिन्ह होता. पालकाला लेखकाचे नाव ठाऊक नसले तरी मुखपृष्ठावरील हा शब्द पाहून पुस्तक घेता येत होते.

दुसरा टप्पा व्यंगचित्रपटाचा. २००१-०२ मध्ये मालेवर आधारित सव्वीस भागांची सचेतपट मालिका आली. तिच्यात आधुनिक काळातील मुले भूतकाळात जातात, अशी कल्पित चौकट योजली होती. तथापि ही मालिका पुढे चालली नाही. तिचा पुढील मालिकेशी ताडून विचार केला असता एक कारण संभवते. पुस्तकातील खरे पात्र निवेदक होते. कल्पित मुलांच्या साहसकथेत तोच मागे पडला. नाव उचलले गेले, स्वर मागे राहिला.

तिसरा टप्पा रंगभूमीचा. बर्मिंगहॅम स्टेज कंपनीने २००५ पासून मालेवर आधारित नाट्यप्रयोग सुरू केले आणि ते ब्रिटनभर नेले. २०१२ मध्ये ‘बार्मी ब्रिटन’ हा प्रयोग लंडनच्या वेस्ट एंडमध्ये पोहोचला. डिअरी यांची स्वतःची जडणघडण वेल्समधील शैक्षणिक नाट्यचळवळीत झालेली असल्यामुळे प्रेक्षकांशी थेट बोलणारा नट हा मालेच्या प्रकृतीला मानवणारा होता. याच काळात इंपीरियल वॉर म्युझियमने पहिल्या महायुद्धातील खंदकजीवनावर ‘टेरिबल ट्रेंचेस’ हे प्रदर्शन मालेच्या नावाने भरविले आणि २००९ मध्ये ‘रूथलेस रोमन्स’ हा संगणकीय खेळ आला. गंभीर संग्रहालयाने या नावाचा स्वीकार करणे ही नाममुद्रेला मिळालेली शैक्षणिक मान्यताच होती.

चौथा आणि सर्वांत परिणामकारक टप्पा दूरचित्रवाणीचा. एप्रिल २००९ मध्ये बीबीसीच्या सीबीबीसी या मुलांच्या वाहिनीवर ‘हॉरिबल हिस्टरीज’ ही प्रत्यक्ष अभिनित प्रहसनमालिका सुरू झाली. निर्मात्यांनी मुलांच्या कार्यक्रमांचे ठरावीक लेखक न घेता प्रौढांसाठी विनोदी लेखन करणाऱ्यांना पाचारण केले. बातमीपत्र, जाहिरात, पाककला-स्पर्धा अशा समकालीन कार्यक्रमांच्या साच्यात भूतकाळ बसविण्यात आला. दुसऱ्या चार्ल्स राजाने आधुनिक रॅप गायकाच्या थाटात आपली कारकीर्द गाऊन दाखविली. याचबरोबर ग्रेग जेनर यांच्यावर ऐतिहासिक सल्लागाराची जबाबदारी सोपविण्यात आली. ‘रॅटस रॅटस’ नावाचा बाहुला-उंदीर प्रहसनांच्या मध्ये येऊन आताच पाहिलेले खरोखर घडले होते, हे बजावत असे. पुस्तकातील निवेदक या उंदराच्या रूपाने पडद्यावर परतला. सचेतपटाने गमावलेला स्वर येथे पुन्हा सापडला.

परिणामी ही मालिका मुलांपुरती राहिली नाही. २०१० च्या ब्रिटिश कॉमेडी पुरस्कारांत तिला सर्वोत्कृष्ट प्रहसनमालिकेचा मान मिळाला. मुलांच्या कार्यक्रमाने प्रौढांच्या मालिकांना मागे टाकण्याची ती पहिलीच वेळ होती. २०११ मध्ये बीबीसीच्या प्रॉम्स संगीत महोत्सवात तिच्या गीतांचा कार्यक्रम झाला आणि त्याच वर्षी स्टीफन फ्राय यांच्या निवेदनासह मालिकेचे संकलित भाग बीबीसी वन या मुख्य वाहिनीवर दाखविले गेले. पहिले पर्व २०१३ मध्ये संपल्यावर मॅथ्यू बेंटन, सायमन फार्नबी, मार्था हौ-डग्लस, जिम हौइक, लॉरेन्स रिकर्ड आणि बेन विलबाँड या प्रमुख नटांनी एकत्र राहून ‘याँडरलँड’, ‘बिल’ आणि ‘घोस्ट्स’ या स्वतंत्र निर्मिती केल्या. २०१५ मध्ये ‘हॉरिबल हिस्टरीज’ बऱ्याच अंशी नव्या नटसंचासह परतली आणि २०१९ मध्ये ‘रॉटन रोमन्स’ हा चित्रपट प्रदर्शित झाला. लेखक बदलले, नट बदलले, तरी नाव टिकले. नाममुद्रा व्यक्तिनिरपेक्ष झाल्याची ही खूण होय.

सत्यतेचा प्रश्न :

नाममुद्रा व्यक्तिनिरपेक्ष होते तेव्हा उत्तरदायित्वाचे स्वरूपही बदलते. पुस्तकातील एखादे विधान वादग्रस्त ठरले तर तो लेखकाचा कल मानला जातो. तेच विधान परवानाशुल्कावर चालणाऱ्या सार्वजनिक प्रक्षेपणसंस्थेने केले तर त्याला नियमांची कसोटी लागते. मेरी सीकोल आणि फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्यावरील प्रहसनाने हे स्पष्ट केले.

जमैकात जन्मलेल्या मेरी सीकोल (१८०५-१८८१) यांनी क्रिमियन युद्धात सैनिकांची शुश्रूषा केली. या कार्यासाठी अधिकृत पथकात जाण्याचा त्यांनी लंडनमध्ये प्रयत्न केला, परंतु त्यांना नकार मिळाला. आपल्या वर्णामुळे तर असे झाले नसावे ना, ही वेदना त्यांनी १८५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मकथनात व्यक्त केली आहे. प्रहसनात मात्र हा नकार स्वतः नाइटिंगेल वर्णभेदाच्या भावनेतून देतात, असे दाखविले गेले. वस्तुतः त्या सुमारास नाइटिंगेल स्कुटारीला रवाना झाल्या होत्या, आणि पुढे तेथे झालेल्या भेटीत त्यांनी सीकोल यांची रात्रीच्या निवाऱ्याची सोय केल्याचे खुद्द सीकोल यांच्याच आत्मकथनात नमूद आहे. या प्रहसनाविरुद्ध तक्रार झाली आणि २०१४ मध्ये बीबीसी ट्रस्टने ते अचूकतेच्या निकषांचा भंग करणारे असल्याचा निर्णय दिला.

या प्रकरणाचा अर्थ लावताना सावधगिरी आवश्यक आहे. वर्णभेदाचा प्रश्न प्रहसनकारांनी हवेतून निर्माण केला नव्हता. सीकोल यांच्या मनात तो होता आणि तत्कालीन समाजात वर्णभेद होता, हेही निर्विवाद. दोष होता तो अनेक अनाम अधिकाऱ्यांकडून व मध्यस्थांकडून मिळालेला नकार एका प्रसिद्ध व्यक्तीच्या तोंडी घालण्याचा. प्रहसनाला दोन पात्रे आणि एक संघर्ष हवा असतो. व्यवस्थेला चेहरा नसतो. नाट्याच्या गरजेने व्यवस्थेचा दोष व्यक्तीवर ढकलला गेला. त्यामुळे नाइटिंगेल यांच्यावर अन्याय झालाच, पण ज्या संस्थात्मक भेदभावाकडे लक्ष वेधावयाचे होते तोही दृष्टिआड गेला. उपेक्षितांची बाजू घेणाऱ्या इतिहासानेही पुराव्याची शिस्त सोडल्यास उपेक्षितांचेच नुकसान होते, हा यातील धडा आहे.

दुसरे उदाहरण याहून भिन्न आहे. मालिकेतील एका गीतात व्हिक्टोरिया राणी अस्सल ब्रिटिश वस्तूंचा गौरव करू लागते आणि तिचा सेवक तिला सांगतो की, चहा भारतातून येतो, साखरेमागे कॅरिबियन बेटांवरील गुलामांचे श्रम आहेत आणि कापूस अमेरिकेतील गुलामांनी वेचलेला आहे. जानेवारी २०२० मध्ये ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडताना हे आधीच प्रक्षेपित झालेले गीत नव्या निवेदनासह पुन्हा प्रसृत झाले आणि ते ब्रिटनविरोधी असल्याची टीका झाली. बीबीसीचेच तत्कालीन निवेदक अँड्र्यू नील हे टीकाकारांत होते. एक तपशील येथे तपासण्याजोगा आहे : ब्रिटिश वसाहतींमधील गुलामगिरी १८३० च्या दशकात संपली, त्यामुळे राणीच्या दीर्घ कारकिर्दीतील बहुतांश काळाला साखरेचा संदर्भ भूतकाळाचा आहे, अमेरिकेतील कापसाचा संदर्भ मात्र १८६० च्या दशकापर्यंत अचूक ठरतो. तरीही गीताचा गाभा, म्हणजे ब्रिटिश दैनंदिन जीवन साम्राज्यावर उभे होते हे विधान, पुराव्याला धरून आहे. सीकोल प्रहसनावरील आक्षेप पुराव्याचा होता. या गीतावरील आक्षेप मुख्यतः राष्ट्रीय भावनेचा होता. पहिल्या आक्षेपापुढे इतिहासकाराने चूक मान्य केली पाहिजे. दुसऱ्यापुढे पुरावा घेऊन उभे राहिले पाहिजे. नाममुद्रेच्या व्यवस्थापकांच्या दृष्टीने मात्र दोन्ही ‘वाद’च असतात, आणि दोहोंना सारखेच टाळण्याचा मोह त्यांना होऊ शकतो. व्यापक नाममुद्रेपुढील खरा धोका येथे आहे.

भारतीय संदर्भ :

या चर्चेच्या संदर्भात ‘अमर चित्र कथा’चे स्मरण होणे स्वाभाविक आहे. दूरचित्रवाणीवरील एका प्रश्नमंजूषेत मुलांना ग्रीक पुराणकथा ठाऊक होत्या, पण रामाच्या मातेचे नाव सांगता आले नाही, हे पाहून अनंत पै यांनी १९६७ मध्ये मुंबईच्या इंडिया बुक हाऊसतर्फे ही चित्रकथामाला सुरू केली. मराठीसह अनेक भारतीय भाषांतून ती घरोघरी पोहोचली आणि २००७ मध्ये एसीके मीडिया या कंपनीकडे गेल्यावर तिचाही नव्या माध्यमांत विस्तार झाला. दोन्ही मालांचे आरंभबिंदू मात्र परस्परविरुद्ध आहेत. पै यांच्यापुढे प्रश्न होता विस्मृतीचा. म्हणून त्यांचा स्वर आदराचा राहिला. डिअरी यांच्यापुढे प्रश्न होता कंटाळ्याचा. म्हणून त्यांचा स्वर अनादराचा राहिला. आदराने काही पात्रांना निष्कलंक केले, अनादराने काहींना खलनायक केले. सीकोल प्रहसनातील नाइटिंगेल आणि चित्रकथेतील निर्दोष वीरपुरुष ही सरलीकरणाचीच दोन रूपे होत. भारतीय भाषांत विनोदी बाल-इतिहासमाला निर्माण करावयाची झाल्यास केवळ थट्टेचे अनुकरण पुरेसे ठरणार नाही. संशोधक, लेखक आणि चित्रकार यांना एकाच मेजावर बसवावे लागेल.

निष्कर्ष :

१. ‘हॉरिबल हिस्टरीज’च्या प्रारंभिक यशात लेखकाच्या प्रतिभेइतकाच राष्ट्रीय अभ्यासक्रमाने निर्माण केलेल्या मागणीचा आणि शालेय वितरणव्यवस्थेचा वाटा होता.

२. माध्यमांतर यशस्वी होण्यासाठी नाव आणि चित्रे नेणे पुरेसे ठरले नाही. निवेदकाचा विशिष्ट स्वर नव्या माध्यमात पुन्हा घडवावा लागला.

३. नाममुद्रेच्या विस्ताराबरोबर तथ्यतपासणीची स्वतंत्र व्यवस्था आवश्यक ठरली. तरीही नाट्याच्या गरजेपुढे ती प्रसंगी अपुरी पडली.

४. पुराव्यावर आधारित आक्षेप आणि भावनेवर आधारित आक्षेप यांत भेद करण्याची क्षमता हीच अशा नाममुद्रेची खरी कसोटी आहे.

समारोप :

मुलाला हसविणे आणि मुलाला फसविणे यांतील अंतर फार थोडे आहे. हसण्याच्या ओघात ऐकलेली गोष्ट दीर्घकाळ स्मरणात राहते, आणि चुकीची गोष्टही तितक्याच दृढपणे राहते. वर्गात इतिहास शिकविणाऱ्या प्रत्येक अध्यापकाला याचा प्रत्यय येत असतो. एखादी रंजक आख्यायिका विद्यार्थी वर्षानुवर्षे विसरत नाहीत, तिची चिकित्सा मात्र परीक्षेनंतर पुसली जाते. ‘हॉरिबल हिस्टरीज’ने पडद्यावरच्या उंदराच्या तोंडून ‘हे खरे आहे’ असे वचन दिले, म्हणूनच ते वचन मोडले तेव्हा दाद मागता आली. इतिहासाचे रंजन करणाऱ्या कोणत्याही प्रयत्नाने असे वचन द्यावे आणि त्याचा हिशेब मागण्याची सोय ठेवावी, एवढी अपेक्षा या अभ्यासातून नोंदविता येते.